निवडणूक, प्रतिनिधित्व आणि लोकानुनय : घनश्याम शहा यांच्या गुजरातविषयक संशोधनाची चिकित्सा

प्रास्ताविक

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सुरत मतदारसंघातील १७ लाखांहून अधिक मतदारांपैकी एकानेही मत दिले नाही. ७ मे रोजी मतदान व्हायचे होते. २१ एप्रिलला काँग्रेस उमेदवाराचा अर्ज बाद झाला, कारण अर्जावरील सह्या आपल्या नाहीत असे प्रस्तावकांनी सांगितले. पर्यायी उमेदवाराचा अर्जही टिकला नाही. उरलेल्या ८ उमेदवारांनी माघार घेतली आणि २२ एप्रिलला भारतीय जनता पक्षाचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ५३ प्रमाणे जागा एक आणि उमेदवारही एकच उरला, तर मतदान घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. २०१३ पासून मतदाराला मिळालेला 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्यायही अशा वेळी निरुपयोगी ठरतो.

या घटनेवर वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले. अध्यापकांपुढील प्रश्न मात्र निराळा आहे. राज्यशास्त्राच्या वर्गात 'प्रतिनिधी म्हणजे मतदारांनी निवडलेली व्यक्ती' ही व्याख्या शिकविली जाते. ज्या शहरात मत न देताच प्रतिनिधी मिळतो, तेथे ही व्याख्या कशी शिकवावी? या प्रश्नाकडे वळताना सुरतमध्येच अनेक वर्षे राहून गुजरातच्या राजकारणाचा अभ्यास करणारे राज्यशास्त्रज्ञ घनश्याम शहा यांच्या संशोधनाचा आधार घेणे उचित ठरते. त्यांच्या लेखनातील निवडणूक, प्रतिनिधित्व आणि लोकानुनय या तीन सूत्रांची चिकित्सा करणे, तसेच मुस्लिम समाजाच्या दृष्टीने त्या लेखनातून काय मिळते आणि काय राहून जाते हे पाहणे, एवढीच प्रस्तुत लेखाची मर्यादा आहे.

संशोधनाची जडणघडण

सुरत येथील सेंटर फॉर सोशल स्टडीज ही संस्था समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी १९६९ मध्ये स्थापन केली. खेड्यात व वस्तीत प्रत्यक्ष जाऊन माहिती गोळा करावी आणि मगच सिद्धान्ताकडे वळावे, ही या संस्थेची परंपरा. शहा यांची घडण याच परंपरेत झाली. पुढे ते संस्थेचे संचालक झाले आणि नंतर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले.

त्यांच्या ग्रंथांची नुसती नावे पाहिली तरी अभ्यासाचा आवाका ध्यानात येतो. गुजरात क्षत्रिय सभेवरील ग्रंथ १९७५ चा. गुजरातमधील आदिवासी व हरिजन नेतृत्वावरील ग्रंथही त्याच वर्षीचा. गुजरात आणि बिहार येथील १९७४ च्या आंदोलनांचा तौलनिक अभ्यास १९७७ मध्ये आला. भारतातील सामाजिक चळवळींविषयीच्या साहित्याचा आढावा १९९० मध्ये प्रसिद्ध झाला; तो आजही अनेक विद्यापीठांत वाचला जातो. १९९४ च्या सुरतमधील प्लेगवरचा ग्रंथ १९९७ चा, तर जात आणि लोकशाही राजकारण या विषयावरील संपादित ग्रंथ २००२ चा. यांशिवाय इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली या नियतकालिकात त्यांनी १९६९ च्या दंगलीपासून पुढील अनेक निवडणुकांपर्यंत सातत्याने लेखन केले. एकाच प्रदेशावर एवढा दीर्घकाळ नजर ठेवणारे राज्यशास्त्रज्ञ भारतात थोडेच आहेत. त्यांच्या लेखनाचे हे पहिले बलस्थान होय.

जात : ताणली जाणारी ओळख

क्षत्रिय सभेचा अभ्यास हा शहा यांच्या पुढील सर्व लेखनाचा पाया म्हणता येईल. मध्य गुजरातेतील राजपूत, बारैया, पाटणवाडिया, भिल्ल अशा सामाजिक दर्जाने एकमेकांपासून दूर असलेल्या समूहांना 'क्षत्रिय' या एका नावाखाली आणण्याचा प्रयत्न या सभेने केला. नाव जातीचे असले तरी प्रत्यक्षात तो अनेक जातींचा संघ होता. संख्याबळ दाखविल्याशिवाय काँग्रेसमधील पाटीदार वर्चस्वाला शह देता येणार नाही, हे त्यामागचे गणित. आरंभी काँग्रेससोबत असलेल्या सभेतील मोठा गट १९६२ च्या सुमारास स्वतंत्र पक्षाकडे वळला.

याच सभेवर रजनी कोठारी आणि ऋषिकेश मारू यांनी १९६५ मध्ये लिहिले होते. निवडणुकीच्या राजकारणात उतरल्यावर जातीचे स्वरूप बदलते आणि ती ऐहिक हितसंबंधांची संघटना बनते, असा त्यांचा रोख होता. शहा यांनी तो पूर्णपणे नाकारला नाही. मात्र त्याला एक जोड दिली. अशा संघटनेच्या आतही जमीनदार असतो आणि शेतमजूरही असतो. व्यासपीठावर दोघांचे नाव एक असले तरी सत्तेत वाटा मिळतो तो पहिल्याला. म्हणून कोणतीही जात किंवा जमात 'एकगठ्ठा' मत देते हे विधान तपासल्याशिवाय मान्य करता येत नाही.

या निष्कर्षातील दोन गोष्टी आजही उपयोगी आहेत. सामूहिक ओळख राजकीय गरजेप्रमाणे ताणता येते, ही पहिली. ताणलेल्या ओळखीच्या आत विषमता झाकली जाते, ही दुसरी. पुढील काळात 'क्षत्रिय' या शब्दाच्या जागी 'हिंदू' हा शब्द अधिक मोठ्या प्रमाणावर ताणला गेला, असे गुजरातच्या इतिहासावरून दिसते. तो ताणताना आदिवासी व दलित आत घेतले गेले आणि मुसलमान बाहेर ठेवले गेले. शहा यांच्या सिद्धान्ताची शक्ती या उदाहरणात दिसते, तशीच त्याची मर्यादाही दिसते. ओळख किती ताणली जाते हे तो सिद्धान्त सांगतो; ती नेमकी कोणापाशी येऊन थांबते आणि का थांबते, हे सांगण्यास तो अपुरा पडतो.

प्रतिनिधी आणि नुमाइंदा

आदिवासी व हरिजन नेत्यांवरील ग्रंथात शहा यांनी प्रतिनिधित्वाचा प्रश्न थेट हाताळला. राखीव जागेमुळे वंचित समाजाचा माणूस विधानसभेत पोहोचतो. पण तो त्या समाजातील कोणत्या थराचा असतो, पक्षात त्याचे वजन किती असते आणि समाजाच्या प्रश्नावर तो पक्षाशी भांडू शकतो काय, हे प्रश्न त्यांनी विचारले. शिकलेला आणि तुलनेने सुस्थितीतील थरच बहुधा पुढे येतो व पक्षशिस्त त्याला बांधून ठेवते, हा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. दक्षिण गुजरातेतील चौधरी आदिवासींच्या अभ्यासातही त्यांनी जमातीअंतर्गत वाढत्या आर्थिक भेदाकडे असेच लक्ष वेधले.

हॅना पिटकिन या विदुषीने १९६७ मध्ये प्रतिनिधित्वाचे जे विश्लेषण केले, ते येथे जोडून पाहता येईल. प्रतिनिधी हा समाजासारखा 'दिसणारा' असणे ही एक कल्पना. त्याने समाजासाठी 'काम करणे' ही दुसरी. भाषेच्या अभ्यासकाला हा भेद आपल्या शब्दांतही सापडतो. उर्दूतील 'नुमाइंदा' हा शब्द फारसीतील दाखविणे, दिसणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला. मराठीतील 'प्रतिनिधी' म्हणजे एकाच्या जागी ठेवलेला दुसरा. राजाराम महाराजांनी जिंजी येथे प्रल्हाद निराजी यांना 'प्रतिनिधी' हे पद दिले, तेव्हा ते छत्रपतींच्या जागी काम पाहणारे होते. रयतेने त्यांना निवडले नव्हते. 'लोक' हा शब्द प्रतिनिधीच्या आधी लागला तो पुष्कळ नंतर.

शहा यांचा कल स्पष्टपणे दुसऱ्या कल्पनेकडे आहे. केवळ आपल्यातला माणूस सभागृहात बसला म्हणजे काम झाले, असे ते मानत नाहीत. हा इशारा मुस्लिम समाजालाही लागू पडतो. समाजातील मोजक्या घराण्यांतील व्यक्तीला उमेदवारी मिळाली की वीणकर, रिक्षाचालक, भरतकाम करणाऱ्या स्त्रिया या सर्वांचे प्रतिनिधित्व झाले, असे समजण्याची सवय समाजात आहेच.

तथापि, हा युक्तिवाद शेवटपर्यंत ताणला तर तो अडचणीत येतो. गुजरात विधानसभेत १९८० मध्ये १२ मुस्लिम आमदार होते. २०१७ मध्ये ३ आणि २०२२ मध्ये १८२ जणांच्या सभागृहात केवळ १ उरला. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात मुसलमानांचे प्रमाण सुमारे ९.७ टक्के आहे. त्या हिशेबाने ही संख्या १७ च्या आसपास हवी होती. १९८४ मध्ये भरूचमधून अहमद पटेल निवडून आले, त्यानंतर गुजरातमधून एकही मुस्लिम लोकसभेवर गेलेला नाही. प्रतिनिधी समाजासाठी काम करतो की नाही, याची परीक्षा प्रतिनिधी असेल तरच घेता येते. आदिवासी व दलितांच्या बाबतीत राखीव जागांमुळे 'दिसणे' हे गृहीत होते, म्हणून शहा यांना त्यापुढचा प्रश्न विचारता आला. मुसलमानांच्या बाबतीत पहिली पायरीच ढासळलेली आहे. तेथे दुसऱ्या पायरीचे मोजमाप लावण्याआधी थांबून विचार करणे आवश्यक ठरते.

लोकानुनयाची दोन रूपे

गुजरातमध्ये लोकानुनयाचे राजकारण दोनदा प्रभावी ठरले. पहिल्यांदा माधवसिंह सोलंकी यांच्या काळात. क्षत्रिय, हरिजन, आदिवासी आणि मुस्लिम यांच्या आद्याक्षरांवरून 'खाम' म्हणून ओळखल्या गेलेल्या आघाडीने १९८० मध्ये १४१ आणि १९८५ मध्ये १४९ जागा मिळविल्या. मध्यान्ह भोजन, मुलींचे मोफत शिक्षण आणि राखीव जागांचा विस्तार ही त्या राजकारणाची ओळख. त्याची प्रतिक्रिया म्हणून १९८१ आणि १९८५ मध्ये आरक्षणविरोधी आंदोलने झाली. १९८५ च्या आंदोलनाला तर जातीय दंगलीचे वळण लागले. या आंदोलनांचा मध्यमवर्गीय पाया शहा यांनी १९८७ च्या लेखात उलगडून दाखविला. १९७४ च्या नवनिर्माण आंदोलनाबद्दलही त्यांचे मत भावनेच्या आहारी न जाणारे होते. वसतिगृहातील जेवणाच्या दरवाढीवरून पेटलेल्या या आंदोलनाने चिमणभाई पटेल यांचे सरकार घालविले, विधानसभा बरखास्त करविली. पण समाजरचनेत बदल घडविला नाही, असे त्यांनी दाखवून दिले.

दुसऱ्यांदा हे राजकारण २००२ नंतर स्थिरावले. सप्टेंबर २००२ मधील गौरव यात्रा, त्यानंतरच्या १२७ जागा आणि 'पाच कोटी गुजराती' ही घोषणा यांतून एकसंध 'गुजराती जनता' उभी केली गेली. २००९ आणि २०१४ च्या लोकसभा निवडणुकांवरील लेखांना शहा यांनी दिलेली शीर्षकेच बोलकी आहेत : पहिल्यात गोबेल्सच्या प्रचाराचा उल्लेख, दुसऱ्यात महाविपणन आणि व्यवस्थापन हे शब्द. निवडणूक ही विक्रीकला बनल्याची खंत त्यांत आहे.

या दोन रूपांतील फरक अध्यापकांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याजोगा आहे. पहिल्यात वंचित गटांची नावे घेऊन बेरीज केली जात होती. प्रत्येक गट वेगळा ओळखू येत होता आणि म्हणून आपला वाटा मागू शकत होता. दुसऱ्यात सर्व नावे पुसून एकच 'जनता' उरली. युरोपातील लोकानुनयावर लिहिताना यान-वेर्नर म्युलर यांनी २०१६ मध्ये नेमके हेच लक्षण सांगितले : 'खरी जनता म्हणजे आम्हीच' असा दावा. असा दावा मान्य झाला की उरलेले लोक विरोधक न राहता परके ठरतात.

येथे शहा यांच्या मांडणीवर एक आक्षेप नोंदविणे भाग आहे. गुजरातच्या निवडणुकीवरील २००२ च्या लेखात ते हिंदुत्वाची भावना आणि ऐहिक हितसंबंध अशी दोन टोके समोरासमोर ठेवतात. पाणी, पिकाचा भाव, रोजगार हे हितसंबंध. धर्म ही भावना. मुस्लिम कुटुंबाच्या अनुभवात ही विभागणी टिकत नाही. घर कोठे घेता येईल, दुकान कोणत्या पेठेत चालेल, मुलीला कोणत्या शाळेत पाठवावे, हे सर्व ऐहिक प्रश्न धार्मिक ओळखीशीच बांधलेले आहेत. गुजरातमध्ये १९९१ चा अशांत क्षेत्र कायदा लागू असलेल्या भागात मालमत्ता विकण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. या एका उदाहरणावरून सुरक्षितता आणि निवास हे सर्वांत मोठे हितसंबंध आहेत, हे स्पष्ट होते. भावना आणि हित यांतली रेषा बहुसंख्याकांच्या बाजूने पाहिल्यासच स्पष्ट दिसते.

राहून गेलेले क्षेत्र

क्षत्रियांवर, आदिवासींवर, दलितांवर शहा यांनी ग्रंथ लिहिले. मुसलमान त्यांच्या लेखनात येतात, ते बहुतेक वेळा दंगलीच्या संदर्भात किंवा आघाडीच्या बेरजेतील एक अक्षर म्हणून. दंगलींवरील त्यांचे लेखन प्रामाणिक व निर्भीड आहे, यात शंका नाही. परंतु जी कसोटी त्यांनी क्षत्रिय सभेला लावली, ती वोहरा, मेमण, पठाण, शेख, पटणी अशा भिन्न व्यवसायांच्या व भिन्न ऐपतीच्या समूहांना तेवढ्याच विस्ताराने लावलेली दिसत नाही. परिणामी 'मुस्लिम मत' हे एकच मत असल्याचा समज, जो त्यांच्याच सिद्धान्ताने खोडून निघाला असता, तसाच राहिला.

दुसरे राहून गेलेले क्षेत्र सुरतमधील मराठी भाषकांचे. जळगाव, धुळे, नंदुरबार येथून आलेल्या कामगारांनी लिंबायत, उधना, पांडेसरा हे भाग भरून गेले. गावी जे मराठा, लेवा पाटील, माळी, तेली, कोळी असे वेगवेगळे होते, ते सुरतमध्ये 'खानदेशी' किंवा 'मराठी' झाले. ही तर क्षत्रिय सभेचीच प्रक्रिया : परक्या शहरात ओळख ताणली गेली आणि तिचे राजकीय बळ तयार झाले. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत लिंबायत हा विधानसभा मतदारसंघ आणि नवसारी हा लोकसभा मतदारसंघ अस्तित्वात आला. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २००९ पासून २०२४ पर्यंत नवसारीतून चारदा निवडून आले. २०१९ मध्ये त्यांचे मताधिक्य ६ लाख ८९ हजारांवर आणि २०२४ मध्ये ७ लाख ७० हजारांवर गेले. लिंबायतमधून संगीता पाटील २०१२, २०१७ आणि २०२२ अशा तीन वेळा विजयी झाल्या.

खानदेशातून आलेल्यांत मुसलमानही आहेत. घरी उर्दू आणि बाजारात अहिराणी-मराठी बोलणारी ही कुटुंबे 'मराठी मतदार' या गणनेत धरली जातात काय? गाव एक, गाडी एक, कारखान्याची पाळी एक. मतदानाच्या दिवशी मात्र ओळख निराळी. ओळख कोणापाशी येऊन थांबते, हा वर अनुत्तरित राहिलेला प्रश्न तपासण्यासाठी लिंबायतइतके योग्य ठिकाण दुसरे नाही.

दोन आकडे : ४४ आणि १

लिंबायतमध्ये २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत तब्बल ४४ उमेदवार उभे होते. त्यांत मुस्लिम उमेदवारांचा, विशेषतः अपक्षांचा, भरणा मोठा होता. दीड वर्षाच्या आत त्याच शहराच्या सुरत लोकसभा मतदारसंघात अखेरीस १ उमेदवार उरला. वरवर पाहता पहिली घटना लोकशाहीच्या भरतीची आणि दुसरी ओहोटीची वाटेल. प्रत्यक्षात दोन्हींतून एकच गोष्ट निष्पन्न होते. ४४ नावांच्या गर्दीत मत विखुरले की मतदाराची निवड निष्फळ ठरते. १ नाव उरले की निवडच संपते. दोन्ही वेळा निर्णायक टप्पा मतदानाचा नव्हता, उमेदवारी अर्जाचा होता.

निवडणूक अभ्यासाच्या पद्धतीसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. शहा आणि त्यांच्या पिढीतील संशोधक मतदार, जात, वर्ग व निकाल यांचा परस्परसंबंध तपासत असत. केंद्रनिहाय मते नोंदविणारा फॉर्म २० हे अशा अभ्यासाचे आवश्यक साधन. २०२४ च्या सुरतसाठी असा फॉर्म असूच शकत नाही. तेथे अभ्यासाचा विषय प्रस्तावक, छाननी आणि माघार हाच राहतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक प्रस्तावक पुरतो, तर अपक्षाला १० लागतात. ही तरतूद पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपते, पण सुरतमध्ये प्रस्तावकांच्या सह्यांवरच सर्व काही ठरले. मोरारजी देसाई यांना १९५७ ते १९७७ या काळात सलग पाच वेळा मत देऊन लोकसभेत पाठविणाऱ्या मतदारसंघाचा हा अनुभव आहे, हेही विसरता येत नाही.

समारोप

घनश्याम शहा यांच्या संशोधनाचे मोल त्यांच्या निष्कर्षांइतकेच त्यांच्या पद्धतीत आहे. समूहाच्या नावावर विश्वास न ठेवता त्याच्या आत शिरून कोणाचे हित साधले जाते हे पाहावे, ही ती पद्धत. तिच्या आधारे त्यांच्याच लेखनातील उणिवा दिसतात, हे तिचे सामर्थ्य म्हणावे लागेल. मात्र प्रतिनिधी 'दिसणे' आणि प्रतिनिधीने 'काम करणे' यांपैकी दुसऱ्यालाच महत्त्व देणारी भूमिका अल्पसंख्याक समाजाच्या बाबतीत अपुरी पडते. दोन्ही गोष्टी मागाव्या लागतील, आणि त्या वेगवेगळ्या मागाव्या लागतील. सभागृहात नुमाइंदा हवा, ही पहिली मागणी. तो कोणाच्या जागी उभा आहे याचा हिशेब त्याने द्यावा, ही दुसरी.

या कामात महाविद्यालयीन अध्यापकांना करण्यासारखे पुष्कळ आहे. सुरत महानगरपालिकेच्या २०२१ च्या निवडणुकीत ३० प्रभागांतून १२० नगरसेवक निवडले गेले. भाजपला ९३ आणि आम आदमी पक्षाला २७ जागा मिळाल्या, काँग्रेसला एकही मिळाली नाही. एका प्रभागाचे केंद्रनिहाय आकडे, तेथील वस्तीची रचना, उमेदवारांचे व्यवसाय आणि नगरसेवकाने कोणत्या गल्लीत काय काम केले याची नोंद पदवीच्या विद्यार्थ्यांकडून एका सत्रात करून घेता येईल. उर्दू, गुजराती व मराठी या तिन्ही भाषा जाणणारे विद्यार्थी आपल्याच वर्गांत आहेत. कोणत्याही मोठ्या संशोधन संस्थेला ते सहज मिळणारे नाहीत. 'मुस्लिम मत' म्हणजे काय, याचे उत्तर आजवर दुसऱ्यांनी दिले. ते उत्तर तपासण्याची साधने आता समाजाच्या स्वतःच्या महाविद्यालयांत उपलब्ध आहेत, आणि ती वापरणे हे अध्यापकाच्या नेहमीच्या कामाचाच भाग आहे.